चहाच्या वेळेत सामना फिरतो: एनबीएत बाकावरच्या गार्डच्या पाळ्या कशा वाचायच्या

जून महिन्यात एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, अंतिम फेरीचे सामने आपल्याकडे सकाळी सहाच्या सुमारास सुरू होतात. पहिला क्वार्टर संपला की मी चहा टाकायला उठायचो. मोठे खेळाडू बसलेले, बाकावरची मंडळी मैदानात, आता पाच-सात मिनिटं काही घडत नाही, असा माझा हिशेब. १२ जून २०२५ च्या सकाळी तो पार चुकला. इंडियाना पेसर्स विरुद्ध ओक्लाहोमा सिटी थंडर, तिसरा सामना. पहिल्या क्वार्टरअखेर पेसर्स ८ गुणांनी मागे होते, मध्यंतराला ४ गुणांनी पुढे. दरम्यान टी. जे. मॅककॉनेल नावाचा सहा फूट एक इंचाचा राखीव गार्ड (चेंडू हाताळणारा, बास्केटपासून लांब खेळणारा खेळाडू) थंडरच्या गोटात शिरून चोऱ्या करत होता. बास्केट खाल्ल्यावर थंडरचे खेळाडू सवयीने, निवांत, रेषेबाहेरून चेंडू आत टाकायचे, आणि परत पळतोय असं दाखवणारा हा गडी मध्येच वळून तो पळवायचा. सामन्यात त्याच्या नावावर १० गुण, ५ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) आणि ५ स्टील (पळवलेले चेंडू) लागले. अंतिम फेरीत बाकावरून येऊन असं त्याआधी कोणी केलं नव्हतं. बेनेडिक्ट मॅथुरिन, तोही बाकावरचाच, २७ गुण. दोन्ही बाकांच्या गुणांची बेरीज ४९ विरुद्ध १८, आणि सामना पेसर्सने ११६-१०७ असा घेतला.

तेव्हापासून चहा सामन्याआधी होतो. पहिल्या क्वार्टरचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात मी वही घेऊन पाहतो. ती वही कशी भरायची आणि तिच्यातून दुसऱ्या फळीबद्दल काय काढायचं, ते इथे क्रमाने लिहितो. तुमचा आवडता संघ कोणताही असो, तीन-चार सामने असे पाहिले की प्रशिक्षकाने अमक्याला आत का घेतलं आणि तमक्याला का बसवलं, याचा बराचसा उलगडा होतो.

पायरी १: आधी मिनिटांची बेरीज

एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा, मैदानात पाच जण, म्हणजे एका संघाला वाटायला २४० मिनिटं. त्यातल्या गार्डच्या दोन जागांची ९६. सुरुवात करणारे दोन्ही गार्ड प्रत्येकी ३४ मिनिटं खेळले तर ६८ संपली, उरली २८. तिसरा आणि चौथा गार्ड यांचं सगळं करिअर, करार, नाव-बदनामी या २८ मिनिटांत.

इथेच एक गोष्ट लक्षात येते. तुमच्या संघाने तिसरा, चौथा आणि पाचवा असे तीन चांगले राखीव गार्ड घेतले असतील तर ती श्रीमंती नसून भांडणाचं कारण आहे. २८ भागिले ३ केलं की प्रत्येकाला नऊ-सव्वानऊ मिनिटं. नऊ मिनिटांत कुणाचाच हात बसत नाही. मग प्रशिक्षकापुढे दोनच वाटा: एकाला थेट बाकाच्या टोकाला बसवायचं, नाहीतर तीन गार्ड एकदम खेळवून फॉरवर्डच्या, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूच्या, जागेतली मिनिटं उसनी घ्यायची. दुसरी वाट दिसायला छान असते, पण रिबाउंडमध्ये (चुकलेल्या फटक्याचा चेंडू मिळवताना) तिची किंमत मोजावी लागते.

(आपल्याकडे क्लबचे किंवा राज्य स्पर्धेचे सामने पाहणाऱ्यांसाठी: फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांत सामना ४० मिनिटांचा, त्यामुळे गार्डच्या वाट्याला ८०. शिवाय पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर, एनबीएत सहाव्याला. बाकी सगळा हिशेब तसाच लागू होतो.)

पायरी २: वहीत अर्ध्या सामन्याची पट्टी काढा

एनबीएच्या संकेतस्थळावर प्रत्येक सामन्याची चेंडू-दर-चेंडू नोंद असते, तिच्यात कोण कितव्या मिनिटाला आत आला हेही असतं. सामना चुकला तरी तिथून पट्टी भरता येते. घड्याळ उलटं चालतं हे ध्यानात ठेवा. ५:०० म्हणजे क्वार्टर संपायला पाच मिनिटं बाकी.

समजा अ आणि ब हे सुरुवातीचे गार्ड, क आणि ड बाकावरचे. एक अगदी नेहमीची पट्टी अशी दिसते:

पहिला क्वार्टर: १२:०० ला अ आणि ब. ५:०० ला अ बसतो, क येतो. ब शेवटपर्यंत.
दुसरा क्वार्टर: १२:०० ला क आणि ड. १०:०० ला क च्या जागी अ परत. ५:०० ला ड च्या जागी ब परत, आणि मध्यंतरापर्यंत अ आणि ब.

बेरीज करून पाहा. अ ची १७ मिनिटं, ब ची १७, क ची ७, ड ची ७. दुसऱ्या अर्ध्यातही हेच केलं की ३४, ३४, १४, १४. पुष्कळ प्रशिक्षकांचा दुसरा अर्धा पहिल्याची नक्कलच असतो, फक्त शेवटच्या पाच-सहा मिनिटांत सामना कसा चाललाय त्यावर हात फिरतो.

बदल कधी होतात तेही बघा. खेळ थांबल्याशिवाय खेळाडू बदलता येत नाही. तोवर कुणी टाइमआउट घेतलेला नसेल तर प्रत्येक क्वार्टरमध्ये सात मिनिटांच्या आत घड्याळ आल्यावर जो पहिला खेळ थांबेल तिथे सक्तीचा टाइमआउट, आणि तसाच दुसरा तीन मिनिटांच्या आत. म्हणून पहिली बदली सहा-पाच मिनिटांच्या आसपास दिसते. प्रशिक्षकाच्या कागदावर ‘५:३०’ असतं, पण फाउल किंवा चेंडू बाहेर जाणं घडलंच नाही तर राखीव गार्ड टेबलापाशी गुडघ्यावर बसून दीड मिनिट ताटकळतो. तो दीड मिनिट पुढच्या सगळ्या पाळ्या सरकवतो.

पायरी ३: मिनिटं सोडा, सोबत मोजा

आता वरच्या पट्टीकडे परत या. क आणि ड दोघेही सात-सात मिनिटं खेळले. बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याच्या आकड्यांचा तक्ता, म्हणेल दोघांची भूमिका सारखी. वही वेगळंच सांगते.

क च्या सातपैकी पाच मिनिटं ब च्या सोबतीने गेली. ड च्या सातपैकी पाच मिनिटं अ च्या सोबतीने. दोघे एकमेकांबरोबर, म्हणजे दोन्ही मुख्य गार्ड बाकावर असताना, फक्त दोन मिनिटं होते. सामन्यात मिळून चार.

समजा अ हा चेंडू हातात ठेवणारा पॉइंट गार्ड आहे आणि ब हा मुख्यतः शूटर. मग क ला चेंडू वर (समोरच्यांच्या बास्केटकडे) आणता आलाच पाहिजे, कारण तो येतो तेव्हा अ बसलेला असतो. आणि ड ला चेंडू नसताना खेळता आलं पाहिजे, कोपऱ्यात उभं राहून तीनचा (लांबून मारलेला, तीन गुणांचा) फटका मारता आला पाहिजे, कारण त्याच्या वेळी चेंडू अ कडे असतो. आता प्रशिक्षकाने क आणि ड चा क्रम फिरवला तर? खेळाडू तेच, मिनिटं तीच, आणि तरी दोघांचे आकडे घसरतात. पंधरा दिवसांनी चर्चा सुरू होते की अमका फॉर्ममध्ये नाही. फॉर्म कुठेही गेलेला नसतो, पट्टी बदललेली असते.

खो-खो खेळलेल्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. बचावाला तीन-तीनची तुकडी जाते. कोणता पळणारा कोणत्या तुकडीत घालायचा आणि कोणती तुकडी आधी उतरवायची, यावर कर्णधार डोकं खाजवतो. तीन उत्तम पळणारे एकाच तुकडीत घातले की पुढची तुकडी पाहता पाहता बाद होते.

ती मधली दोन मिनिटं (माझ्या वहीत त्यांना मी ‘सांधा’ म्हणतो) हीच दुसऱ्या फळीची खरी परीक्षा. पहिला-दुसरा क्वार्टर जुळतो तिथे एक सांधा, तिसरा-चौथा जुळतो तिथे दुसरा. एनबीएत ४८ मिनिटांत ढोबळमानाने प्रत्येक संघाला शंभर चढाया मिळतात, म्हणजे दोन मिनिटांत चार. चार चढायांत दोनदा चेंडू गमावला आणि समोरच्याने दोन तीनचे फटके मारले की अ पाणी पिऊन परत येईपर्यंत सहा गुणांचा खड्डा पडलेला असतो.

पायरी ४: सांधा किती रुंद आहे ते ठरवा

काही प्रशिक्षक सांधा ठेवतच नाहीत. ह्यूस्टन रॉकेट्सने २०१७-१८ मध्ये ख्रिस पॉलला आणलं तेव्हा सगळ्यांचा प्रश्न एकच होता: जेम्स हार्डन आणि पॉल, दोघांनाही चेंडू लागतो, एका म्यानात दोन तलवारी कशा राहणार? प्रशिक्षक माइक डी’अँटोनी यांनी दोघांना सुरुवात एकत्र करायला दिली आणि मग पाळ्या अशा लावल्या की जवळपास प्रत्येक क्षणी दोघांपैकी एक तरी मैदानात असेल. दुसरी फळी म्हणजे काय, तर पॉलची टोळी. एरिक गॉर्डन, आदल्याच मोसमातला सर्वोत्तम सहावा खेळाडू (राखीव खेळाडूंतला सर्वोत्तम), बाकावरून येऊन फक्त फटके मारायचा, कारण मांडणी करायला कुणी ना कुणी दिग्गज असायचाच. संघाने ६५ सामने जिंकले.

मग वेस्टर्न कॉन्फरन्सच्या, म्हणजे लीगच्या पश्चिम गटाच्या, अंतिम फेरीत, गोल्डन स्टेट वॉरियर्सविरुद्ध पाचवा सामना जिंकून ३-२ ने पुढे असताना, पॉलचा हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) गेला. बाहेरून बघता संघातला एक गार्ड कमी झाला. पट्टीवर मात्र गॉर्डन वर सरकला, बाक रिकामा झाला, हार्डनच्या विश्रांतीची मिनिटं पोरकी झाली. उरलेले दोन्ही सामने रॉकेट्स हरले. सातव्या सामन्यात ओळीने २७ तीनचे फटके चुकले, हे सगळ्यांना आठवतं. थकलेल्या पायांनी फटका आखूड पडतो, आणि पाय का थकले होते ते पाळ्यांच्या वहीत दिसतं. नशीबही वाईट होतं, ते नाकारत नाही.

म्हणून वहीत एक ओळ कायम ठेवा: एक मुख्य गार्ड जखमी झाला तर त्याची जागा कोण घेईल हा पहिला प्रश्न, आणि जागा घेणाऱ्याची जागा कोण घेईल हा दुसरा. संघ बहुतेकदा दुसऱ्या प्रश्नावर बुडतात.

पायरी ५: बाकावरच्या गार्डचं काम ओळखा

ढोबळ चार जाती आहेत. एक, मांडणी करणारा: मॅककॉनेल. दोन, गुण करणारा: जमाल क्रॉफर्ड आणि लू विल्यम्स, दोघांनीही सर्वोत्तम सहाव्या खेळाडूचा पुरस्कार तीन-तीनदा घेतला. त्याआधीच्या पिढीत डेट्रॉइट पिस्टन्सचा विनी जॉन्सन, ज्याला आत येताच तापतो म्हणून ‘मायक्रोवेव्ह’ म्हणायचे. १९९० च्या अंतिम फेरीचा निकाल लावणारा फटका त्याने ०.७ सेकंद उरले असताना मारला होता. तीन, शूटर. चार, रखवालदार, म्हणजे समोरच्या गार्डला चेंडू वर आणणं नकोसं करणारा. थंडरचे ॲलेक्स करूसो आणि केसन वॉलेस यातले.

जात ओळखणं सोपं आहे. चूक होते ती जोडी लावताना. दोन गुण करणारे एकत्र सोडले तर पहिला ड्रिबल करतो, दुसरा कमरेवर हात ठेवून आपली पाळी कधी येते ते बघतो. दोन रखवालदार एकत्र सोडले तर समोरच्याचे गुण थांबतात, आपलेही थांबतात. मांडणी करणारा आणि शूटर ही जोडी कागदावर सपक दिसते, पण हंगामभर टिकते.

मांडणी करणारा खरंच मांडणी करतोय का, हे तपासायची माझी एक साधी खूण आहे. चढाई २४ सेकंदांची असते, त्यातले जास्तीत जास्त ८ मध्यरेषा ओलांडायला. आपल्या गार्डने रेषा ओलांडल्यावर पहिली स्क्रीन (सहकारी बचाव करणाऱ्याच्या वाटेत उभा राहून करतो तो अडथळा) लागते तेव्हा शॉट क्लॉकवर किती आहे ते वाचा. १८ च्या वर असेल तर छान, पहिला डाव फसला तर दुसरा रचायला वेळ आहे. सतत १३-१४ दिसत असेल तर समजा की समोरचा रखवालदार याला पाठ करून ड्रिबल करायला लावतोय, आणि दुसरी फळी आता शेवटच्या तीन सेकंदांत उचलून टाकलेल्या फटक्यांवर जगणार. हे बॉक्स स्कोअरमध्ये कुठेच उमटत नाही. तिथे फटका चुकवणाऱ्या बिचाऱ्या फॉरवर्डचं नाव लागतं.

पायरी ६: गार्डबरोबरचा उंच खेळाडू

लू विल्यम्सची लॉस एंजेलिस क्लिपर्समधली वर्षं बघा. तो आणि मॉन्ट्रेझ हॅरेल, दोघेही बाकावरून यायचे, आणि दोघांचा पिक अँड रोल हेच त्या दुसऱ्या फळीचं घरचं जेवण. हॅरेल स्क्रीन लावून बास्केटकडे धावणारा, विल्यम्स डाव्या हाताने अर्ध्या अंतरावरून टाकणारा. बचाव करणाऱ्याला दोघांतला एक निवडावा लागायचा. २०१८-१९ चा पुरस्कार विल्यम्सने घेतला, पुढच्या मोसमाचा हॅरेलने.

यातून नियम काढायचा तर असा: गार्ड कोणता, यावरून त्याच्याबरोबर कोणता उंच खेळाडू बसवायचा ते ठरतं. मॅककॉनेलसारखा गार्ड बास्केटखालून, बेसलाइनच्या कडेने ड्रिबल न तोडता फिरतो, म्हणून त्याला आतली जागा रिकामी लागते. तिथे बास्केटसमोरच्या रंगवलेल्या चौकोनात पाय रोवून उभा राहणारा सेंटर दिलात तर दोघे एकमेकांच्या पायात येतात. त्याला पळणारा किंवा बाहेरून फटका मारू शकणारा उंच माणूस हवा. पेसर्सकडे ओबी टॉपिन तसा होता, म्हणून त्यांची दुसरी फळी वेग वाढवायची. संघाने राखीव सेंटर बदलला आणि राखीव गार्ड अचानक फिका पडला, असं दिसलं तर दोष कुठे आहे ते वेगळं सांगायला नको.

पायरी ७: एक संघ जवळून, डेन्व्हर २०२३

डेन्व्हर नगेट्सचं दुखणं साधं होतं. त्यांचा सेंटर निकोला योकिच मैदानात असेल तर ते जगातल्या कुठल्याही संघाला हरवतील, तो बसला की आघाडी पाघळायची. त्यांचा सगळा खेळ सेंटरच्या हातून चालत असल्यामुळे राखीव सेंटर शोधा, असा सल्ला जो तो देत होता. प्रशिक्षक मायकल मलोन यांनी उत्तर गार्डमध्ये शोधलं.

मोसमाच्या सुरुवातीला दुसरी फळी बोन्स हायलंडच्या हातात होती. तरुण, धीट, लांबून फटके मारणारा, चार जातींतला दुसऱ्या जातीचा. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याला क्लिपर्सकडे देऊन टाकलं. मग करार संपवून मोकळा झालेला रेगी जॅक्सन आला, अनुभवी पॉइंट गार्ड. आता हाच राखीव गार्ड, असं सगळे धरून चालले होते, पण प्लेऑफमध्ये (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत) तो जवळपास बसूनच राहिला.

चेंडू गेला ब्रूस ब्राऊनकडे. ब्राऊन हा रूढ अर्थाने पॉइंट गार्ड नव्हेच. आधी ब्रुकलिनमध्ये असताना सहा फूट चार इंचाचा हा माणूस चक्क उंच खेळाडूसारखा स्क्रीन लावून आत धावायचा. मलोन यांनी हिशेब असा केला असावा: योकिच बसलेला असताना मुख्य गार्ड जमाल मरे मैदानात ठेवायचा, मांडणीचा मुख्य भार त्याच्यावर. ब्राऊन चेंडू वर आणेल, कापत आत जाईल, समोरच्या चांगल्या गार्डला धरेल. नवखा क्रिश्चन ब्राउन बचाव करेल आणि पळेल. सेंटरच्या जागी बुटका पर्याय, ॲरन गॉर्डन किंवा जेफ ग्रीन. पाच सुरुवातीचे आणि हे तीन, एवढ्या आठांवर प्लेऑफ ओढलं.

म्हणजे बाकावरची ‘फळी’ अशी उरलीच नाही. उरले तीन सुटे भाग, जे मरे आणि गॉर्डन यांच्याभोवती बसतील. अंतिम फेरीच्या चौथ्या सामन्यात, मायामीत, ब्राऊनने २१ गुण केले, त्यातले ११ चौथ्या क्वार्टरमध्ये. नगेट्सनी मालिका ४-१ ने जिंकली. त्या उन्हाळ्यात ब्राऊन मोठ्या पैशांवर पेसर्सकडे गेला. पुढच्या मोसमात राखीव गार्डची जबाबदारी रेगी जॅक्सनवर आली, आणि त्या वर्षी मिनेसोटाविरुद्ध सातव्या सामन्यात २० गुणांची आघाडी घेऊनही नगेट्स घरच्या मैदानावर हरले. सगळा दोष राखीव गार्डवर टाकणं अन्याय होईल, थकवा होता, मरे पूर्ण तंदुरुस्त नव्हता. पण ती मालिका पुन्हा बघताना माझं बोट वहीत सारखं ब्राऊनच्या रिकाम्या रकान्यावर जातं.

पायरी ८: पाचही जण एकदम बदलणारा संघ दिसला तर

आता असे संघ कमी झालेत. टोरांटो रॅप्टर्सचा २०१७-१८ चा बाक मात्र आठवण काढावा असा. फ्रेड व्हॅनव्हलीट, डेलॉन राइट, सी. जे. माइल्स, पास्कल सियाकाम, याकोब पोल्टल. पाचही बाकावरचे, एकत्र उतरायचे, आणि समोरच्या संघाच्या दुसऱ्या फळीची दाणादाण उडवायचे. गार्डची जोडी नीट बघा: व्हॅनव्हलीट मांडणी आणि फटका दोन्हीत तरबेज, राइट लांब हातांचा, अडवणारा, गरज पडली तर मांडणीही करणारा. काम एकमेकांत वाटून घेता यायचं, म्हणून वर दिलेला सांध्याचा प्रश्न त्यांना नव्हताच. रॅप्टर्सने ५९ सामने जिंकले.

साखळी सामन्यांच्या शेवटच्या दिवशी व्हॅनव्हलीटचा खांदा दुखावला. वॉशिंग्टनविरुद्धच्या पहिल्या फेरीत तो जवळपास नव्हता आणि जी फळी वर्षभर सामने फिरवत होती ती एकाएकी पोरांची वाटायला लागली. सहाव्या सामन्यात तो परतला, बाकाने पिछाडी भरून काढली, मालिका संपली. पुढच्या फेरीत क्लीव्हलँडने मात्र ४-० ने धुतलं, कारण तिथे लेब्रॉन जेम्स बसायलाच तयार नव्हता. समोर दुसरी फळी उतरतच नसेल तर आपल्या दुसऱ्या फळीने कुणाला हरवायचं? ड्वेन केसी यांना त्या वर्षीचा सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार मिळाला, आणि नोकरी गेली. वर्षभरात पोल्टल, राइट, माइल्स तिघेही अदलाबदलीत गेले, सियाकाम सुरुवातीच्या पाचात आला, व्हॅनव्हलीट बाकावर राहिला आणि २०१९ ची अंतिम फेरी संघ जिंकला. निर्णायक सहाव्या सामन्यात त्याचे २२ गुण.

पायरी ९: प्लस-मायनस वाचताना हात आखडता घ्या

खेळाडू मैदानात असताना संघ किती गुणांनी पुढे किंवा मागे गेला, तो आकडा म्हणजे प्लस-मायनस. दुसऱ्या फळीबद्दल बोलताना सगळे तो तोंडावर फेकतात. दोन पथ्यं पाळा.

एका सामन्याचा आकडा विसरा. सात मिनिटांत चौदा-पंधरा चढाया. त्यातला एक तीनचा फटका कडेवर आपटून आत गेला की बाहेर, एवढ्यावर चिन्ह बदलतं. किमान पंधरा-वीस सामने एकत्र करा. आणि जमवताना एकतर्फी सामन्यांचा शेवट वगळा. २५ गुणांचा फरक असताना चौथ्या क्वार्टरमध्ये मिळालेली सहा मिनिटं पाळी नसते, ती मैदान झाडण्याची वेळ असते.

दुसरं, आकडा सोबतीप्रमाणे फोडा. क ची ब बरोबरची मिनिटं वेगळी, ड बरोबरची वेगळी. क चं एकूण प्लस-मायनस शून्य असेल, पण ब बरोबर अधिक आणि सांध्यात वजा निघालं, तर क वाईट नाही, त्याला एकट्याने घर चालवायला लावणं वाईट आहे. उपाय त्याला बसवणं नसून अ ला दीड मिनिट लवकर परत आणणं. हा फरक कळला की वही वसूल.

पायरी १०: प्लेऑफ लागले की पट्टी नव्याने काढा

साखळीत दहा जण खेळवणारा प्रशिक्षक प्लेऑफमध्ये आठ-नऊवर येतो. मुख्य गार्ड ३४ वरून ४० मिनिटांवर गेले की ९६ मधून उरतात फक्त १६. चौथा गार्ड गायब होतो, तिसऱ्याची परीक्षा कडक होते. बुटक्या गार्डला तर शोधून काढतात: त्याच्या माणसाकडून स्क्रीन लावून घ्यायची, बचावात अदलाबदल घडवायची, आणि आपल्या सर्वात मोठ्या खेळाडूसमोर तो सापडला की तिथेच हल्ला. मोसमभर टाळ्या घेतलेले कित्येक राखीव गार्ड एप्रिल-मेमध्ये अशा रीतीने बाकावरून उठत नाहीत.

अपवाद आहेत, आणि त्यातला सर्वात गोड २०११ चा डॅलस मॅव्हरिक्सचा. मायामीविरुद्ध अंतिम फेरीत १-२ ने मागे. चौथ्या सामन्यात प्रशिक्षक रिक कार्लाइल यांनी जे. जे. बरेआ या संघातल्या सर्वात बुटक्या गार्डला बाकावरून उचलून सुरुवातीच्या पाचात घातलं, आणि रखवालदार डेशॉन स्टीव्हन्सनला बाकावर नेलं. पट्टीवर याचा अर्थ बघा. बरेआचा वेग आता मायामीच्या दुसऱ्या फळीऐवजी पहिल्या फळीला, सामन्याच्या पहिल्या मिनिटापासून झेलावा लागला. बाकावर गुण करणारा जेसन टेरी होताच, त्याच्या जोडीला आता अडवणारा आला, म्हणजे दुसऱ्या फळीतली दोन सारखी माणसं वेगळी झाली. मॅव्हरिक्सनी ओळीने तीन सामने जिंकले, शेवटच्यात टेरीचे बाकावरून २७.

हेच कार्लाइल चौदा वर्षांनी मॅककॉनेलच्या बाकाशेजारी उभे होते. मॅककॉनेल पेसर्समध्ये आला तो २०१९ च्या उन्हाळ्यात. त्याच ऑक्टोबरात पेसर्स आणि सॅक्रमेंटो किंग्ज मुंबईत वरळीच्या डोममध्ये मोसमपूर्व दोन सामने खेळून गेले, भारतातले एनबीएचे पहिले. पहिला पेसर्सने जादा वेळेत एका गुणाने जिंकला होता, १३२-१३१.

२०२५ च्या त्या मालिकेचा शेवट वहीत असा आहे. सातव्या सामन्यात, पहिल्याच क्वार्टरमध्ये, टायरिस हॅलिबर्टनची अकिलीसची शीर तुटली. अ चा रकाना तिथे थांबतो. क, म्हणजे मॅककॉनेल, वर सरकला आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये एकट्याने १२ गुण करून पेसर्सना झुंजत ठेवलं. त्याच्या मागे मांडणी करणारं कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे तो बसला की चेंडू वर आणतानाच घाम फुटत होता. थंडरकडे करूसो होता, वॉलेस होता, ताज्या पायांनी आलटून पालटून सोडायला. १०३-९१. मी त्या पानावर क च्या खालचा रकाना तसाच रिकामा ठेवलाय.